सुझाना सिस्टरचा फुलाफुलांचा एप्रन

नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर सुझाना घोन्साल्विस गेली सोळा वर्षं कॅथलॅबची सिस्टर आहे. कॅथलॅब म्हणजे हृदयाच्या तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करायची खोली. मनगटातून बारीक तार आत सारतात, एक्स-रेचं मशीन चालू ठेवतात आणि डॉक्टर पडद्यावर बघत बघत ती तार हृदयापर्यंत नेतात. पेशंटला हे आयुष्यात एकदा-दोनदा सोसायचं असतं. खोलीतल्या माणसांना रोज सहा-सात वेळा. पेशंटच्या अंगावरून उडालेली किरणं त्यांच्याकडेच येतात. म्हणून ही माणसं अंगात शिशाचा एप्रन चढवतात, गळ्याला शिशाचा पट्टा बांधतात आणि छातीशी एक छोटा बॅज लावतात. बॅज काही अडवत नाही. किती किरणं आली, एवढंच मुकाट्याने लक्षात ठेवतो आणि तीन महिन्यांनी तपासायला पाठवला की सगळं सांगून टाकतो. प्रत्येक घरात अशी एक आत्या असते.

सुझाना एक्कावन्न वर्षांची. माहेर उत्तनचं, घर चरईत, आवाज उत्तनच्या मासळीबाजारातला, पण गरजेपुरता खाली येणारा. विठ्ठलवाडीचा दुकानदार असो नाहीतर डोंबिवलीचे निवृत्त हेडमास्तर, टेबलावर आडवं झालं की सगळ्यांचा चेहरा सारखाच होतो. मग सुझाना कानाशी वाकते.

"बाबा, रोज जेवता काय?"

"पिठलं-भाकरी."

"पिठल्याने नळी तुंबत नाय हो. खरं सांगा."

बाबा पिठल्यावरून रविवारच्या मटणापर्यंत येईस्तोवर तार हृदयात पोचलेली असते.

दोन वर्षांपूर्वी तिची कंबर धरली. जुना एप्रन सहा-सात किलोचा, दिवसभर अंगावर म्हणजे शेजारणीचं पोर कडेवर घेऊन उभं राहिल्यासारखं. हॉस्पिटलने तिच्यासाठी नव्या जातीचा, निम्म्या वजनाचा एप्रन मागवला. रंग निवडा म्हणाले, तर हिने जांभळ्यावर पांढरी फुलं निवडली. खुंटीवरच्या निळ्या एप्रनांच्या रांगेत तो एकटा लग्नाला आल्यासारखा दिसायचा.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या नावाने पत्र आलं. बॅजचा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला होता. किरणांच्या सुरक्षेचं काम पाहणारी संचिता मॅडम, वय अठ्ठावीस, नियम तोंडपाठ, पत्र घेऊन स्वतः खाली आली.

"सिस्टर, शुक्रवारपर्यंत लेखी कारण द्या. तोपर्यंत तुम्हाला कॅथलॅब बंद. आणि कारण नाही सापडलं तर तुम्हाला पहिल्या मजल्यावर ओपीडीत घ्यावं लागेल."

"ओपीडीत काय करू?"

"बीपी मोजायचं."

बीपी मोजणं वाईट नाही. पण सोळा वर्षं किरणांपासून अंग चोरून मागे उभं राहायची सवय लावून घेतलेल्या बाईला कोणी म्हणावं की तूच निष्काळजी, म्हणून तुझी खोली सोड, हे तिला पचेना. खोली सोडायची तर निवृत्त होऊन, केक कापून सोडायची, असं तिचं ठरलं होतं.

घरी जाऊन तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. आणि बघते तर काय, त्या तीन महिन्यांतले पाच आठवडे ती ठाण्यात नव्हतीच. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ती उत्तनला होती. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काळ सुझाना आईला पेज भरवत होती आणि तिचा बॅज तिकडे नौपाड्यात किरणं गोळा करत होता.

आता इथे त्या कॅथलॅबची एक रीत सांगायला हवी. बॅज खरा तर ज्याचा त्याने स्वतःच्या कपड्यांवर, एप्रनच्या आत लावायचा. पण काही वर्षांपूर्वी कोणाचा तरी बॅज गणवेशाबरोबर धुलाईला गेला आणि उकळून निघाला. त्यावर मोठं रामायण झालं. तेव्हापासून सगळ्यांनी शहाणपणा केला: बॅज एप्रनच्याच खिशाला बाहेरून अडकवून ठेवायचा. हरवायला नको, उकळायला नको. एप्रन जाईल तिकडे बॅज जाईल, माणूस कुठेही असो.

दुसऱ्या दिवशी तिने पंढरीला गाठलं. पंढरी आंबिवलीचा, कॅथलॅबचा मदतनीस. एप्रनच्या पाठीमागच्या पट्ट्या बांधणं त्याच्याकडे.

"पंढरी, मी नव्हते तेव्हा माझा एप्रन कोण घालत होतं?"

"कोण नाय."

"पंढरी."

"सिस्टर, मोठ्या माणसाचं नाव माझ्या तोंडून नका काढू. माझी नोकरी अजून कायम व्हायचीय."

"मोठं म्हणजे किती मोठं?"

पंढरीने डॉक्टरांच्या केबिनकडे न बघण्याची इतकी काळजी घेतली की कळायचं ते कळलं.

डॉ. धम्मपाल ओव्हाळ हे त्या कॅथलॅबचे मुख्य. हात असा की तार त्यांच्या बोटांत आपोआप वळते. त्यांचीही पाठ दुखत होती. पाच आठवडे हलका एप्रन रिकामा दिसला आणि त्यांनी तो चढवला. सहा फुटी माणूस पांढऱ्या फुलांत दिवसाला सात केसेस करत होता, पण एवढ्या मोठ्या खोलीत कोणी हसलंसुद्धा नाही. ज्याच्या हातात तार असते त्याच्या कपड्यांवर कोणी बोलत नाही. आणि त्यांचा स्वतःचा बॅज? तो अकरा वर्षं टेबलाच्या खणात होता. आकडा वाढला तर आपल्याला थांबवतील, ही भीती. त्यामुळे कागदोपत्री सगळ्यात स्वच्छ माणूस कोण, तर दिवसभर मशीनला चिकटून उभे राहणारे डॉक्टर ओव्हाळ.

सुझानाला आधी हायसं वाटलं. आकडा आपला नाही! मग तिने दोन ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. संचिता मॅडमला थेट लिहिलं तर ती चहाडी. न लिहिलं तर ओपीडी. तिने केबिनचं दार वाजवलं.

"सर, माझ्या बॅजचा आकडा तुमचा आहे."

डॉक्टर हसले. "सिस्टर, एप्रन घेतला ते चुकलंच. बायकोनेही ओरडून झालं, माझा फुलांतला फोटो पाहिला तिने. पण माझं नाव घालू नका ना. मला घरी बसवलं तर केसेस कोण करणार?"

"बरं. मग राहू दे माझ्या नावावर. मी बीपी मोजते." ती खुर्चीत बसली. तिला कोणी बसा म्हटलं नव्हतं. "पण सर, पत्र माझ्याकडे आलं, किरणं तुमच्याकडे गेली. ती कशी बदलून घ्यायची?"

"अहो, बॅज एप्रनच्या बाहेर होता. आतलं शरीर सुरक्षित आहे. आकडा फुगलेला दिसतो."

"शरीरावर शिसं होतं. डोळ्यांवर काय होतं?"

डॉक्टरांनी नकळत चष्मा काढला. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांना मोतीबिंदूची सुरुवात सांगितली होती. वय बावन्न, साखर नाही. त्यांनी दोष मोबाइलला दिला होता, किरणांना नाही. आता त्यांनी पत्र हातात घेतलं, पाच आठवड्यांचा आकडा पाहिला आणि मनात अकरा वर्षांशी गुणला. हिशेब पक्का नव्हता, पण त्यांनी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

"डोळ्यांपुढची ती टांगती शिशाची काच ओढत नाही मी," ते म्हणाले. "तार बघताना मध्ये येते."

"माहितेय. मी सोळा वर्षं बघतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का?" मग तिलाच ते बरोबर वाटलं नाही. "नाय, बोलायला पायजे होतं. ती माझी चूक."

शुक्रवारी संचिताच्या टेबलावर दोन कागद पडले. एक डॉक्टरांच्या हातचा: एप्रन मी घातला, माझा बॅज मी लावत नव्हतो. दुसरा सुझानाचा: बॅज आम्ही सगळे चुकीच्या जागी लावतो, यापुढे मी रोज तपासीन. संचिताने दोन्ही वाचले आणि पहिल्यांदाच तिला नियम आठवायला वेळ लागला. सुझाना कॅथलॅबमध्ये राहिली. डॉक्टरांना तपासण्यांसाठी तीन आठवडे बाहेर बसवलं. ते रोज दुपारी फोन करून केस कशी झाली विचारत.

परत आले तेव्हा पहिला पेशंट डोंबिवलीचे गुणाजी नाईक, वय अडुसष्ट. नळी वाकडी, तार जाईना. डॉक्टर पुढे झुकले.

"सर, काच ओढा," सुझाना म्हणाली.

"एक मिनिट, सिस्टर."

"आधी काच. मग एक पाऊल मागे."

पंढरी छताकडे बघू लागला. डॉक्टरांनी काच खाली ओढली आणि एक पाऊल मागे घेतलं.

"कोणाला मागे पाठवता?" गुणाजी टेबलावरून म्हणाले.

"डॉक्टरना."

"मग मला कोण बघतंय?"

"तेच बघतायत, बाबा. त्यांना अजून पुष्कळ वर्षं बघायचंय."

तार दुसऱ्या प्रयत्नात गेली. नेहमीपेक्षा चार मिनिटं जास्त लागली.