पोर्तुगालने डावा कान का झाकला

पोर्तुगाल डावा कान झाकतो. तीन वेगवेगळ्या भागांत, तीनदा. आणि तो का झाकतो हे अख्ख्या जगात फक्त मला कळलं होतं, असं मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी चार दिवस मानत होते.

थांबा, नीट सांगते. एक कॉमिक आहे, फोनवर वाचायचं. त्यात देश म्हणजे माणसं. सगळे एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहतात आणि पाण्यावरून भांडतात. म्हणजे आमची विरारची, बोळिंजची सोसायटीच, फक्त युरोपात. पोर्तुगाल चौथ्या मजल्यावर. उंच, करडा कोट, कमी बोलणारा. हो, माझा फेवरेट तोच. पुढे.

आम्ही फॅन लोक काय करतो? थिअऱ्या करतो. पोलंड दाराला दोन कड्या का लावतो, ऑस्ट्रियाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी का, हे सगळं खऱ्या इतिहासाला नेऊन जोडायचं. 'चित्रकाराला कंटाळा आला असेल' असं कोणी म्हणालं की त्याला ग्रुपमधून काढतात.

तर त्या बिल्डिंगमध्ये जेवणाची घंटा वाजते आणि पोर्तुगाल कान झाकतो. एक जण म्हणाला, लिस्बनचा भूकंप आठवतो. ब्राझीलची एक म्हणाली, अर्थातच ब्राझील. गोव्याचा एक होता, तो प्रत्येक थिअरीखाली एकच वाक्य टाकायचा, "गोवा गेला म्हणून."

मी गादीवर उताणी पडून वाचत होते, ताडकन उठून बसले. घंटा! अरे, आमच्या घंटा! पोर्तुगीजांचा वसईचा किल्ला पडला तेव्हा मराठ्यांनी चर्चच्या घंटा उतरवून नेल्या आणि देवळांत टांगल्या. म्हणजे घंटा वाजली की त्याला वसई आठवते! मी एका दमात एवढं टाइप केलं की आई म्हणाली, "अंगठे तुटतील, जेवायला ये."

गोव्याच्याने लगेच लिहिलं, "वसई? ते विरारच्या आधी येतं ते?"

मला रडूच आलं. कारण हो, येतं.

ग्रुपची ॲडमिन पोलंडची. भयंकर कडक. ती म्हणाली, थिअरी इंटरेस्टिंग आहे, पण जागेवरचा पुरावा हवा. रविवारपर्यंत आणलास तर पिन करते. पिन म्हणजे ग्रुपमध्ये सगळ्यात वर, कायमची, माझ्या नावाने. खरं सांगते, त्या वर्षी मला नोकरीपेक्षा ते पिन जास्त हवं होतं.

आणि पुरावा तर आमच्या घरचाच होता!

अर्नाळ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे काका, आणि काकू तिथे राहतात. केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे. गावच्या देवळात एक घंटा आहे, पोर्तुगीजांची. पालखी उठायच्या आधी तिच्यावर पहिला टोला मारायचा मान आमच्या घराचा, कारण ती घंटा आमच्या पूर्वजाने खांद्यावरून आणली. समोरच्या आळीतले अण्णा म्हणतात, त्यांच्या पूर्वजाने. यावरून एक जमलेलं लग्न मोडलंय. काका दरवर्षी टोल्याच्या आधी पाच मिनिटं ती गोष्ट सांगतात, आणि काकांची छाती तेव्हा बघण्यासारखी असते.

त्या वर्षीची पालखी नेमकी त्याच रविवारी होती. मी शनिवारी सकाळीच देवळात स्टुलावर चढले. काकांनी स्टूल धरलं. घंटेच्या गळ्याशी अक्षरं होती, पण तेल आणि काजळीने पार भरलेली.

"हिला कोणी घासत नाही," काका म्हणाले. "जुनेपणा जातो."

"काका, ग्रुपला अक्षरं दिसायला हवीत. पोर्तुगालचा प्रश्न आहे."

"पोर्तुगाल तुमच्या ग्रुपवर आहे?"

"अहो, तो कॉमिकमधला माणूस आहे!"

"मग इथे कोण होता? ती विहीर पोर्तुगीजाने बांधली, पलीकडचा तो आंबा पोर्तुगीजाने लावला, मग आपण त्याला हाकलला."

"एकटाच होता?"

"एवढं काम करायला वेळ लागला ना त्याला."

मी धावत जाऊन काकूकडून चिंच आणली. काकूने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. "घासतेस? बरं, घास." आणि माझ्या मागोमाग तीही देवळात आली.

मी घासलं. अक्षरं पिवळीधमक चमकली. मी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'पुरावा!!!' मग वाचलं. माझं हे असंच आहे, आधी पाठवते, मग वाचते.

इंग्रजीत लिहिलं होतं: स्पिनिंग डिपार्टमेंट. खाली बारीक अक्षरांत: मेड इन इंग्लंड.

काकांनी मला उतरवलं, स्वतः चढले, चष्मा वर-खाली करून दोनदा वाचलं. उतरले आणि स्टुलावरच बसले.

"मामंजी कापडाच्या गिरणीत होते ना, सूत काढायच्या खात्यात," काकू शांतपणे म्हणाली. "तुमच्या जन्माआधी खात्यातली घंटा बदलली, तेव्हा जुनी मागून घेतली त्यांनी. देवळाला घंटाच नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही दरवर्षी इतकं छान सांगता."

काका दुपारी नीट जेवले नाहीत. "उद्या टोला कुठल्या तोंडाने मारू? अण्णा वाचतीलच. त्यांना चष्मा नाही अजून." आणि चिंच मी लावली होती. मीच. अक्षरं देवळाच्या पायरीवरूनही दिसत होती. मी परत काजळी फासू का विचारलं, तर काकू म्हणाली, "हार घाला जाड." संध्याकाळपर्यंत काका झेंडू आणि सोनचाफ्याचा मनगटाएवढा हार ओवत बसले.

मी ग्रुपवर लिहिलं, सॉरी, घंटा कापडाच्या गिरणीची निघाली, थिअरी मागे घेते.

ॲडमिन म्हणाली, "थांब. मेड इन इंग्लंड?"

आणि ग्रुप पेटला! इंग्लंड दुसऱ्या मजल्यावर राहतो. इंग्लंड-पोर्तुगालची दोस्ती जुनी, मुंबई तर आंदणात दिलेली, पण वसई पडली तेव्हा इंग्लंड हातावर हात ठेवून बसला. म्हणून त्याने नंतर घंटा पाठवली. माफी म्हणून! कोणीतरी रडकं चित्रही काढलं. रविवारी सकाळी थिअरी पिन. गोव्याच्याने लिहिलं, "मानलं वसईला."

मी तीनदा लिहिलं, गिरणी आहे, गिरणी, गिरणी! ॲडमिनने मला एक दिवस म्यूट केलं. कारण दिलं, थिअरीत ढवळाढवळ.

दुपारी पालखी. हार घंटेच्या गळ्यात, अक्षरं गायब. सगळे गोष्टीची वाट बघत होते. काका पुढे गेले, घसा साफ केला, माझ्याकडे बघितलं, आणि मागे उभ्या काकूकडे वळून म्हणाले, "अगं, ये. यंदा पहिला टोला तू मार."

कुजबुज सुरू झाली. काकूने पदर खोचला आणि लोलक धरून असा हाणला की झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. दुसऱ्या टोल्याला दोरा तुटला आणि हार थेट खाली.

अण्णा लगेच पुढे. "काय लिहिलंय ते? मेड इन... अहो, हे काय?"

काकांचा चेहरा पांढरा पडला. मी बोलणार, तेवढ्यात काकूच म्हणाली, "गिरणीतली आहे, अण्णा. माझ्या सासऱ्यांनी आणली."

काका जमिनीकडे बघत होते. अण्णांनी घंटेवर बोट फिरवलं, मान तिरकी करून विचार केला.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण गिरणीला पोर्तुगीजानेच दिली असणार. इंग्रजाकडून घेऊन. खांद्यावरून आणली ती आमच्याच माणसाने."

"तुमच्या?" काका एकदम ताठ झाले. "आमच्या!"

पालखी अर्धा तास उशिरा उठली. काकू तोवर मजेत घंटा वाजवत होती, आणि मी दोन्ही कान झाकून उभी होते.