दहा मिनिटं पुढचं घड्याळ

लग्नात जावयाने रुसायचं असतं. पंगत बसते, जावई पहिला घास अडवून धरतो आणि सासऱ्याने काहीतरी कबूल केलं की ताटातली जिलबी हलते. मी मनगटी घड्याळासाठी रुसलो, आणि काय रुसलो! नाटकातल्या राजासारखा, मान वळवून, डोळे मिटून. सासरे देहूरोडला लष्करी डेपोत कारकून. त्यांनी भर पंगतीत स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं.

"जावईबापू, धा मिनिटं पुढं हाय बरं का. तसंच ऱ्हाऊ द्या, उशीर व्हत न्हाई."

त्यांच्या मनगटावर पट्ट्याएवढी गोरी कातडी उघडी पडली होती. मी तिकडे बघितलं नाही. जिलबी खाल्ली.

मी तेव्हा पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात टेंपररी होतो. भोंगा चार गावांना ऐकू जायचा, तरी प्रत्येकाला घड्याळ हवंच असायचं. भोंगा सगळ्यांचा, घड्याळ आपलं. आज सेलवरची घड्याळं आली, किल्ली द्यावी लागत नाही, तरी ती मनगटावर मिरवण्याची हौस तीच आहे. माझी हौस जरा जास्तच होती. कार्डावर उशिराचे दोन लाल शेरे पडले होते. तिसरा पडला की नोकरी संपली. म्हणून घड्याळ बघायचं, दहा वजा करायचे आणि चालू लागायचं.

त्या सकाळीही दहा वजा केले. गेटसमोरच्या हॉटेलात चहा मागवला. बाही मुद्दाम वर सरकवली. शेजारच्याने विचारलं, "किती वाजले, राव?"

"घड्याळात सहा बावन्न. म्हणजे खरे सहा बेचाळीस," मी ऐटीत सांगितलं. बशीत ओतून, फुंकर घालून चहा प्यालो. आणि सातचा भोंगा झाला.

गेटपर्यंत धावलो. गेट बंद. आत टाइमकीपर.

"भोंगा चुकलाय!" मी ओरडलो. "दहा मिनिटं आधी वाजला!"

"बघू तुमचं घड्याळ." त्याने गजांतून माझा हात ओढला. "तुमच्यातच सात वाजून गेलेत की!"

"पण हे दहा मिनिटं पुढे आहे! सासऱ्यांनी सांगितलंय!"

"मग सासऱ्यांनाच बोलवा गेट उघडायला," तो म्हणाला. आतले हसले. मी गजांतून हात जोडले, नवीन लग्नाची शपथ घातली, बायको आजारी आहे असंही सांगितलं. त्याने लाल पेन्सिल घेतली. तेव्हा मी जोडलेले हात खाली घेतले.

दुपारी घरी आलो तर बायको दारातच उभी.

"लवकर आलात?"

"शिफ्ट बदलली."

ती खुशीत होती. "एक सांगू? रागवायचं न्हाई. तुमी आंघोळीला गेलावता, तवा सहाचा भोंगा झाला. मी घड्याळ त्याला लावलं. रोज उठून ती वजाबाकी कशाला? चुकलं का माजं?"

चहाच्या हॉटेलापासून लाल पेन्सिलीपर्यंत सगळी सकाळ माझ्या डोळ्यांसमोर नाचली. तिने पहिल्यांदाच घड्याळाला हात लावला होता. तोही भीत भीत, माझ्या भल्यासाठी.

"नाही," मी म्हटलं. "उलट बरं झालं."

दुसऱ्या दिवसापासून मी सहा वाजताच गेटबाहेर जाऊन उभा राहू लागलो, बदली कामगारांच्या घोळक्यात. कोणी गैरहजर राहील, मुकादम बोट दाखवील, या आशेवर. कुणाच्या तरी पोटात दुखावं म्हणून देवाला विनवलं. बोट शेजाऱ्यावर जायचं. सात वाजले की गेट बंद. मग संध्याकाळपर्यंत हिंडायचं, आणि दमलेलं तोंड करून घरी यायचं. तेवढं मात्र नाटक नव्हतं.

ती हात धुवायला पाणी द्यायची आणि न चुकता विचारायची, "आता बरोबर चालतंय न्हवं?"

"अगदी भोंग्याबरोबर," मी म्हणायचो, आणि तिच्यासमोर घड्याळाला किल्ली द्यायचो.