लाल चकती

वेतुरिया घिनेस्कूला बुखारेस्टमध्ये कोणी कॉफीला बोलवत नसे. जुन्या इमारती तपासायच्या आणि ज्या भूकंपात टिकणार नाहीत त्यांना पहिला दर्जा द्यायचा, हे तिचं काम. पहिला दर्जा म्हणजे दारावर लाल चकती. मग ते घर कोणी विकत घेत नाही. बत्तीस वर्षांत लोक तिच्यावर थुंकले होते, तिच्या अंगावर कुत्री सोडून झाली होती.

त्या मंगळवारी सकाळी एका जुन्या इमारतीच्या जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. रहिवाशांनी भेगा बुजवून रंग दिला होता. ती हातोडीने गिलावा पाडत खाली आली आणि तळमजल्यावरच्या बेकरीत, काचेच्या कपाटामागे, थबकली. तिथला खांबच नव्हता. छताला कापलेले गज लोंबत होते. वर सात मजले.

"कोणी कापला?"

"जागा अडत होती," बेकरीवाला ओन्चू म्हणाला. "वीस वर्षं झाली. पडलं का काही?"

इमारतीचा कारभारी नेआगू तयार अहवाल घेऊनच आला. मागे जिना भरून माणसं. "इंजिनीअर बाई, दुसरा दर्जा छापलाय, म्हणजे चकती नको. शिक्का मारा, सही करा, गरम पाव घ्या नि निघा."

"पहिला."

"अहो, घर विकायला काढलंय मी!"

"म्हणजे तुमच्याऐवजी दुसरा कुणी मरेल."

तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या सावेताने आधी तिचे केस धरले. मग ओन्चूची लाथ पोटात बसली. ती फरशीवर कोसळली, तोंडात रक्त आणि चुना. कोणीतरी पिशवी उलटी करून शिक्का काढला आणि प्रत्येक पानावर उमटवला. राहिली फक्त सही.

"कर सही!"

तिने पेन घेतलं, छापलेल्या 'दुसरा'वर काट मारली. नेआगूने तिचीच हातोडी उचलली आणि उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रस्त्यावरच्या कोणीतरी पोलिसांना बोलावलं.

"जिन्यावरून पडली," सावेता आपले केस नीट करत म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पोलीस वाकला. "कोणी मारलं, बाई?"

"सांगते. आधी माणसं बाहेर काढा. खाली खांब नाही."

पोलिसाने वर पाहिलं. माणसं एकेक करून जिना चढत होती. कुणाच्या तरी चुलीवर सूप राहिलं होतं. रुग्णवाहिकेच्या पायरीवर वेतुरियाने कोरा कागद मागितला, गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरांत, 'पहिला दर्जा' आणि त्याखाली इमारतीचा पत्ता लिहायला घेतला.