विहीणबाईंच्या वाटीतला राणीछाप

जुनी नाणी जमवणाऱ्यांइतकी कंटाळवाणी माणसं मी कुठे पाहिलेली नाहीत, आणि निम्मं आयुष्य मी त्यांच्यातच काढलं आहे. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जाऊन बघा. गंजलेले नळ आणि बंद पडलेले मिक्सर यांच्या मधोमध चादर पसरून बसलेला प्रत्येक जण तुम्हाला ‘रेअर आहे मॅडम’ असं सांगतो. त्याच्याकडची सगळीच नाणी रेअर असतात. ढिगाने रेअर असतात. त्यातला बराचसा माल गेल्या महिन्यात कुठेतरी ओतलेला असतो आणि जुनेपणा यावा म्हणून कशात तरी बुडवून काढलेला असतो. एकदा एकाच्या रुपयाला मी लोहचुंबक लावला, तर रुपया टुणकन चिकटला. मी म्हटलं, “अहो, चांदी चिकटते हे मला आजच कळलं.” तो म्हणाला, “जुनी चांदी आहे, मॅडम.” मी लोहचुंबक सोडवून घेतला आणि पुढच्या चादरीकडे गेले.

घेणारे तर त्याहून थोर. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पंचम जॉर्जचा तांब्याचा पैसा रुमालात गुंडाळून घेऊन आले. मोबाइलवर त्यांना निरोप आला होता की असला पैसा लाखांत जातो. मी सांगितलं, असले पैसे चादरीवर वाटे लावून मिळतात. ते दुखावले. मला यातलं काही कळत नाही असं त्यांनी पुढे लिफ्टमध्ये दोघातिघांना सांगितलं. खराडीतली कॉम्प्युटरवाली मुलं आता या नादाला लागली आहेत, ती वेगळीच जमात. ती प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं नाणं घेतात. डबीवर कुणीतरी दिलेले मार्क छापलेले असतात, ते वाचतात आणि पैसे मोजतात. नाण्याकडे बघतही नाहीत. नाणं काढून आत बटण ठेवलं तरी पुढची दहा वर्षं कुणाला पत्ता लागायचा नाही.

मी राणीछाप, म्हणजे इंग्लंडच्या राणीचं डोकं असलेले चांदीचे रुपये जमवते. सगळे नाही, फक्त अठराशे बासष्ट सालचे. ऐकणारा इथे हटकून विचारतो, “एकाच सालाचे कशाला?” तर त्याचं कारण असं की त्या सालाचा रुपया टांकसाळीने पुढे बरीच वर्षं तसाच पाडला. साल बदललं नाही. मात्र नाणं खरोखर कधीचं ते ओळखता यावं म्हणून सालाच्या खाली आणि वरच्या नक्षीत मोहरीहूनही बारीक ठिपके घालत गेले. खाली किती आणि वर किती, यावरून जात ठरते. काही जाती रस्त्यावर मिळतात, काही जन्मात दिसत नाहीत. मी नोकरीत असताना एका कारखान्यात बेअरिंगवरचे ओरखडे शोधायचं काम करत होते. माझ्या डोळ्यांना दुसरं येतंय काय?

यातली एक जोडी माझ्याकडे नव्हती. खाली किती ठिपके आणि वर किती, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी जुन्या बाजारातले कलावंत बारीक ठोकणी घेऊन ती तयार करतील. पण ती मिळावी म्हणून मी नाशिक-कोल्हापूरपर्यंत सराफांचे उंबरे झिजवले होते. आमचे हे म्हणायचे, “एक ठिपका कमी असला तर जेवण जात नाही का?” नाही जात, असं मी सांगायचे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. सासर मांजरी गावातलं. पूर्वी ऊस होता, आता उसाच्या जागी इमारती आहेत आणि दारात तीन गाड्या. दिवाणखान्यातलं झुंबर इतकं खाली आलंय की आमच्या ह्यांना वाकून जावं लागतं. मुलगी स्वतः खराडीत नोकरी करते, पण घरी आली की डोक्यावर पदर. हे बघून माझा जीव वरखाली व्हायचा. तिचं म्हणणं, “आई, मला चालतंय. तू फक्त तिथे येऊन काही बोलू नकोस.” माझं तोंड कसं आहे ते तिला जन्मापासून ठाऊक. साखरपुड्यात मी झुंबरावर काहीतरी बोलले होते आणि त्याची भरपाई तिला पुढे महिनाभर गोड हसून करावी लागली होती.

पहिल्या दिवाळीला त्यांनी आम्हाला लक्ष्मीपूजनाला बोलावलं. चौरंगावर चांदीच्या वाटीत रुपये ठेवले होते. मी लांबूनच ओळखलं, राणीछाप. आणि लांबूनच कळलं की काहीतरी चुकलंय, कारण ते आरशासारखे चकचकीत होते. विहीणबाईंनी कौतुकाने सांगितलं, “दर दिवाळीला रांगोळीनं घासतो आम्ही. माझ्या सासूबाई घासायच्या, मग मी, आता ही घासंल.” मी रुपया उचलून बघितला. राणीला नाक उरलं नव्हतं. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा, आणि हे लोक दोन पिढ्या लक्ष्मीला दगडाने घासत होते. इतक्या भक्तिभावाने केलेला सत्यानाश मी आजवर पाहिला नव्हता.

त्या चकचकीत ढिगात एकच रुपया काळा होता. हात न लागलेल्या जुन्या चांदीचा असतो तसा, कडेला निळसर. हळदीकुंकवाखाली सालाचे आकडे दिसत होते. मी तो उचलला, अंगठ्याने हळद सारली. खाली ठिपके. मोजले. वर बघितलं, पण तिथे कुंकू बसलं होतं, आणि भिंग मी घरी ठेवून आले होते. घरी ठेवून आले होते, कारण ते आणायचं नाही, असं मुलीने फोनवर बजावलं होतं. खालचे ठिपके बरोबर जुळत होते. वरचे जुळले तर माझा शोध संपला होता.

“काय बगताय एवढं?” विहीणबाईंनी विचारलं.

“काही नाही, छान आहे,” मी म्हटलं. रुपया वाटीत परत ठेवला. मुलगी समईच्या पलीकडून माझ्याकडे टक लावून बघत होती.

परतताना फाटकापाशी मी तिला गाठलं. तिने मला बोलूच दिलं नाही. “आई, ती त्यांची लक्ष्मी आहे. देव्हाऱ्यातली लक्ष्मी विहिणीने विकत मागायची? मला या घरात राहायचंय. प्लीज, तू काहीही मागायचं नाहीस.” मी म्हटलं, मागत नाही, फक्त वरचे ठिपके तेवढे बघ. ती म्हणाली, “बघते, पण तू फोन करून विचारत बसायचं नाही.” मी कबूल झाले. आणि खरोखर नाही विचारलं. दोन महिने नुसती जळत राहिले. जुन्या बाजारात जाऊन नेहमीपेक्षा जास्त लोकांशी भांडले.

संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. दिवाणखाना बायकांनी भरला होता. मुलगी काळ्या साडीत, हलव्याच्या दागिन्यांत सजून बसली होती, आणि मला आत येताना बघून तिचा चेहरा पडला. मला वाटलं, हिला बरं नाही. तिळगूळ झाला, वाण झालं, आणि मग विहीणबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या हातात एक मखमली डबी ठेवली.

“उगडा की,” त्या म्हणाल्या.

आत सोन्याच्या मुलाम्याच्या साखळीत एक रुपया होता. राणीच्या डोक्यावर धातू वितळवून कडी चिकटवलेली. रुपया इतका गुळगुळीत की त्यात झुंबर दिसत होतं. मी तो उलटा केला. साल कसंबसं वाचता येत होतं. सालाखाली काहीच नव्हतं. वरच्या नक्षीचं पान आणि फूल एकमेकांत विरघळली होती. सराफाने पॉलिशच्या चाकावर धरून त्याला सपाट करून टाकलं होतं.

जिभेवर जे आलं ते मी इथे लिहीत नाही. इतका संताप मला कारखान्यातही कधी आला नव्हता. या बाईला, तिच्या सराफाला आणि त्या झुंबरालाही ऐकवावं, आणि सगळ्या बायकांसमोर ऐकवावं, असं फार वाटलं. मी तोंड उघडलंच होतं.

“तो काळा रुपया माझ्या आईचा,” विहीणबाई म्हणाल्या. “मी लगीन होऊन आले तवा तिनं माझ्या बटव्यात घातला हुता. हितल्या वाटीत कदी मिसळला न्हाई मी. ह्या वर्षी नवी सून आली म्हणून पहिल्यांदा बाहेर काढला. तुमी त्यो हातात घेऊन बगत हुता नं दिवाळीला, तसं माझ्या आईच्या वस्तूकडं या घरात कुणी बगितलं न्हाई कदी. म्हटलं, ह्यो विहीणबाईंनाच द्यायचा. पर मळका कसा द्यायचा? म्हणून नीट करून आणला.”

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने साखळी माझ्या गळ्यात घातली. बायकांनी “वा वा” केलं. मुलीने डोळे मिटून घेतले होते.

“आवडलं का?” विहीणबाईंनी विचारलं.

“हो, आवडलं,” मी म्हटलं. “छान चमकतंय.”

निघताना मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली. पायरीवर आल्या आल्या तिने फोन पुढे केला. “आई, त्यांनी सराफाकडे दिल्याचं मला आधी कळलं नाही. पण दिवाळीनंतर पुसून मी फोटो काढून ठेवला होता. मला वाटलं, तुझ्या वाढदिवसाला दाखवीन, मग हळूच त्यांच्याशी बोलेन. तू बघ ना. तोच होता का?”

मी फोटो मोठा केला. मुलीने फोटो उत्तम काढला होता, तिरप्या उजेडात, जसा काढायला हवा तसा. खालचे ठिपके होते. वरचे होते. मी दोनदा मोजले आणि तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती. तोच होता. मला एकदम रडू आलं आणि ते मी खोकल्यात घालवलं.

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी हो म्हटलं असतं, तर त्या घरात सासूला बघताना दर वेळी तिला तो सराफ दिसला असता.

“नाही गं,” मी म्हटलं. “वर एक ठिपका जास्त आहे. साधाच आहे हा. असले जुन्या बाजारात कितीही मिळतात.”

“नक्की?”

“मला शिकवतेस?”

तिने केवढा तरी मोठा श्वास सोडला, माझा हात दाबला आणि लहान मुलीसारखी आत पळाली. मला तिचा आवाज ऐकू आला, “आई, त्यांना खूप आवडलं!” ती दुसऱ्या आईला सांगत होती.

मग आतून विहीणबाईंचा खणखणीत आवाज आला, “अहो विहीणबाई, ऐकलं का? माझ्या आईचे तसलेच काळे अजून मूठभर हायत बटव्यात! उद्याच्याला समदे सराफाकडं देते, लख्ख करून आणते तुमच्यासाठी!”

मी पायरीवर उभी होते, एक चप्पल पायात, एक हातात. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि मुलगी परत दारात येऊन हसत उभी होती.

“आणा, आणा,” मी ओरडून सांगितलं, आणि दुसरी चप्पल पायात घातली.