मामांचं मिसिसिपीकाठचं गाव

आमच्या हिच्या मामांइतकी वर्षं दोह्यात काढून दोह्यात एक दिवसही न राहिलेला दुसरा माणूस मला दाखवा, मी त्याला मन्सूऱ्यातल्या सगळ्यात चांगल्या हॉटेलात पोटभर जेवू घालीन. कागदोपत्री मामा दोह्याच्या कडेला, मुऐदरला, एका व्हिलाच्या मागच्या भागात भाड्यानं राहायचे, एका कन्सल्टन्सीत पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची डिझाइन्स करायचे आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. जिथं वर्षातून चार शिंतोडे पडतात तिथं हा माणूस आयुष्यभर पावसाच्या गटारांचे उतार काढत बसला, यातलं काही त्यांना विनोदी वाटत नसे. हे सगळं झालं देहाचं. मनानं मामा राहायचे अमेरिकेच्या मधोमध, मिसिसिपी नदीच्या काठच्या एका लहानशा शहरात. तिथं त्यांचा एकुलता एक मुलगा मक्यापासून स्टार्च काढण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मामा स्वतः तिथं कधी गेले नव्हते. मुलानं कधी बोलावलं नव्हतं, आणि मामांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या शहराचं नाव मी सांगत नाही, कारण मामांना एक नाव पुरत नसे. मूळ रहिवाशांनी नदीच्या त्या वळणाला दिलेलं नाव, मग कातडी विकत घ्यायला आलेल्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याचं केलेलं वाटोळं, आणि शेवटी मूळ रहिवाशांना हाकलून दिल्यावर गोऱ्या वसाहतवाल्यांनी लावलेली पाटी, अशी तिन्ही नावं ते क्रमानं सांगत. हाकलण्याच्या भागापाशी आले की त्यांचा आवाज घोगरा व्हायचा. ज्या जमिनीवर आपला मुलगा भाड्यानं राहतो ती कुणाकडून तरी हिसकावलेली आहे, हे त्यांना वैयक्तिक लागलं होतं. पुढं मग उत्तरेच्या जंगलातून लाकडाचे तराफे यायचे, लाकूड संपलं, मग नदीतल्या शिंपल्यांपासून शर्टाची बटणं करायचे कारखाने आले, शिंपले संपले, प्लास्टिक आलं, आणि आता मका. "मका संपत नाही," मामा समाधानानं सांगायचे. मुलाची नोकरी पक्की आहे हे सांगायची ती त्यांची पद्धत होती.

वर्ल्डकपचं काम जोरात चालू होतं ते दिवस. अख्खं दोहा उकरून ठेवलेलं. सकाळी ज्या रस्त्यानं ऑफिसला गेलो तो संध्याकाळी नसायचा, तिथं प्लास्टिकचे लाल-पांढरे अडथळे आणि डायव्हर्शनची पाटी. सगळेच चुकायचे, पण मामा शास्त्रशुद्ध चुकायचे. एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "जावईबापू, मी कुठं आहे?" मी विचारलं, समोर काय दिसतंय? म्हणाले, "क्रेन." त्या काळात दोह्यात समोर क्रेन दिसणं म्हणजे समुद्रात पाणी दिसणं. शेवटी एका पाकिस्तानी टॅक्सीवाल्यानं पुढं गाडी घालून त्यांना आमच्या दारात आणून सोडलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा नए आए हैं क्या?" नवे आलेले चाचा तोपर्यंत आत सोफ्यावर बसून, उपग्रहाच्या नकाशावर बोट ठेवून, मुलाच्या घरापासून कारखान्यापर्यंत जाताना टेकडीचा उतार किती सौम्य आहे हे माझ्या लेकीला समजावत होते. ती मराठी समजते, पण बोलत नाही. "Ajoba, have you ever been there?" तिनं विचारलं. मामा म्हणाले, "जायचं कशाला, तोंडपाठ आहे."

भूगोलापेक्षाही लोकसंख्येवर त्यांचा खरा जीव. तिथलं स्थानिक वर्तमानपत्र ते रोज फोनवर वाचत, आणि त्यातही जन्म आणि मृत्यूची पानं आधी. सरकारी खानेसुमारी दहा वर्षांनी होते, मामांची रोज व्हायची. पानावर बसता बसता सांगायचे, "काल दोघं गेले. एक शाळेच्या बसचा जुना ड्रायव्हर होता. बर्फात कधी गाडी चुकवली नाही म्हणे." आणि पहिला घास घेण्याआधी क्षणभर थांबायचे. ही मला डोळ्यांनी दटावायची, हसू नकोस म्हणून. मुलगा तिथं गेला तेव्हा त्यांनी आकड्यात एक मिळवला होता, सून आली तेव्हा आणखी एक, आणि दोन्ही वेळा आम्हाला पेढे मिळाले होते.

एकदा आम्ही त्यांना बळंच कतारच्या उत्तर टोकाला, अल रुवैसला नेलं, निदान समुद्र तरी बघा म्हणून. बंदरात एक केरळी कोळी जाळं निवडत बसला होता. त्याच्या जाळ्यात दोन-चार शिंपले दिसले आणि मामांचं देवघर उघडलं. इथं पूर्वी मोत्यांसाठी बुड्या मारायचे आणि आमच्या गावात बटणांसाठी नदीचा तळ खरवडायचे, हा विषय त्यांनी मोडक्या हिंदीत त्या माणसासमोर मांडला. ऊन चढत गेलं. त्यानं निम्मं जाळं निवडून संपवलं. मग नम्रपणे विचारलं, "साब, मछली लेना है?" मामांनी चांगला मोठा हमूर मासा घेतला. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "माणूस रसिक होता."

हे मी हसत सांगतोय, पण ते सगळं हसण्यासारखं नव्हतं. एका वसंतात तिथं नदीला पूर आला तेव्हा मामांनी जेवण सोडलं. धक्क्यावरचा जो कॅमेरा त्या शहरानं लावलाय तो नेटवर दिवसभर बघत बसायचे. मुलाला फोन केला, वाळूच्या पिशव्या रचल्या का म्हणून. मी शेजारीच होतो. पलीकडून आवाज आला, "हो बाबा, रचल्या." "पाणी कुठवर आहे?" "उतरतंय." मामांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. पाणी चढत होतं. "त्याच्या बाजूला उतरत असेल," ते मला म्हणाले, आणि मलाही ते खरं वाटलं.

मग मैदानाच्या गवताचा माणूस आला. वाळवंटात फुटबॉलचं गवत कसं टिकवायचं यासाठी जगभरातून तज्ज्ञ येत होते, त्यातला हा एक म्हातारा अमेरिकन. मामांच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी त्यानं कुणाला तरी आपलं गाव सांगितलं, आणि ते मामांच्या गावापासून अर्ध्या तासावर निघालं. मामांनी त्याला तिथल्या तिथं जेवायचं आमंत्रण दिलं, आमच्याकडे. हिला फोन करून म्हणाले, "आमच्या गावचा पाहुणा येतोय. अळूवड्या कर." लेकीच्या लग्नात माणूस जसा तयार होतो तसे तयार होऊन आले. टाय लावला होता.

पाहुणा सालस होता. अळूवडीला ती कशाची आहे हे न विचारता हात घालत होता. मामांनी पूल कधी बांधला, जुनी ब्रुअरी कुठं होती, कुठल्या गल्लीत जर्मन होते हे सांगायला सुरुवात केली तसा त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "तुम्ही किती वर्षं होतात तिथं?" त्यानं विचारलं.

"मी गेलेलो नाही," मामा म्हणाले. "माझा मुलगा असतो. मक्याच्या कारखान्यात."

पाहुण्यानं चमचा खाली ठेवला. तो जरा गोंधळला होता. "पण त्या कारखान्याचं इंजिनिअरिंगचं ऑफिस तर बंद झालं," तो म्हणाला. "चांगली दोन-तीन वर्षं झाली. इंजिनिअर लोकांना टेक्सासला नेलं. बातमी लहान होती, आतल्या पानावर असेल. माझा पुतण्या होता त्यांच्यात."

मामांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "हो, हो. त्याचं चाललंच होतं टेक्सासचं." आणि पाहुण्याच्या ताटात आणखी एक अळूवडी वाढली. पुढचा अर्धा तास ते गवताबद्दल प्रश्न विचारत राहिले. टेक्सासबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि त्या गावाबद्दलही नाही. पाहुणा निघताना दारात माझा हात धरून म्हणाला, मी बोलायला नको होतं. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्याकडेच होते. दुपारी हिनं मामेभावाला फोन लावला, स्पीकरवर. तिकडे सकाळ होती. "ताई, मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण बाबांचा फोन आला की ते गावाबद्दलच बोलायचे. मला काही बोलावं लागायचं नाही. ते मला बरं पडायचं."

"अरे, पण तीन वर्षं?" ही म्हणाली. "पुराच्या वेळी वाळूच्या पिशव्या?"

तेवढ्यात मामा म्हणाले, "मी ऐकतोय रे."

मग तो बोलला, आणि आवाज चढवला नाही म्हणून जास्त लागलं. "बाबा, त्या गावातल्या सगळ्या शाळांची नावं तुम्हाला येतात. मी दहावीला कुठल्या शाळेत होतो ते सांगा."

मामा नाशिकचे. बायको-मुलाला नाशिकला ठेवून ते इथं आले, आणि वर्षातून एकदा चॉकलेटं, परफ्यूम घेऊन जाणारा बाप एवढाच त्या मुलाला बाप होता. मामी गेल्या तेव्हा कंपनीनं कतारबाहेर जायला लागणारा परवाना वेळेत दिला नाही आणि मामा तेराव्याला पोचले. हे सगळं आम्हाला माहीत होतं. तरी मला वाटत होतं की ते आता शाळेचं नाव सांगतील. ते म्हणाले, "पंचवटीतली होती ना?" मुलगा म्हणाला, "नाही बाबा." आणि कामाला उशीर होतोय म्हणून फोन ठेवला.

मामा त्या संध्याकाळी लवकर निघाले. जाताना मला म्हणाले, "लोकसंख्येतून दोन कमी करायला हवेत. मी उगाच जास्त धरत होतो." चप्पल घालायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

त्यानंतर ते शुक्रवारी यायचे, जेवायचे, आणि गप्प असायचे. आधी वाटायचं, हे गाव एकदाचं थांबू दे. थांबल्यावर घरात बोलायला विषय उरला नाही. मीच एकदा म्हटलं, काय म्हणतंय पाणी तिकडचं? म्हणाले, "आता काय करायचंय." स्टेडियमं पुरी होत आली तशी कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली. ज्या रस्त्यांखाली मामांची गटारं होती त्यांच्यावर झेंडे लागले, आणि स्पर्धेच्या काही महिने आधी मामांना सांगितलं गेलं, प्रोजेक्ट खलास. एवढ्या वर्षांचा संसार दोन बॅगांत बसला. विमानतळावर आम्ही तिघं सोडायला गेलो. मामा कुणालाच मिठी मारणाऱ्यातले नव्हते. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मराठी बोलत जा गं," आणि आत गेले.

आणि वर्ल्डकपला मुलगा आला. मित्रांबरोबर, अमेरिकेची मॅच बघायला. बाप इथं असताना इतक्या वर्षांत ज्याला येणं जमलं नाही तो बाप नाशिकला परत गेल्यावर चौथ्या महिन्यात दोह्यात उतरला. हिनं फोनवर सरळच विचारलं, लाज नाही वाटत का? तो म्हणाला, "वाटते, ताई. म्हणून तर आधी तुमच्याकडे येतोय." जेवायला आला. बापासारखाच पहिल्या घासाआधी थांबतो. मी त्याला त्याच्या जुन्या गावाबद्दल विचारलं. "काही नव्हतं हो भाऊजी तिथं," तो म्हणाला. "एक नदी होती." मला इतका राग आला की मी ताटावरून उठून पाणी आणायला गेलो.

परत आलो तर तो हिला विचारत होता, "बाबा राहायचे कुठं नक्की?"

त्याची मॅच रय्यानच्या स्टेडियमवर होती, मुऐदर वाटेवरच. मी गाडीतून घेऊन गेलो. दुपारची उन्हं कलली होती. त्यानं व्हिलाच्या फाटकाचा फोटो काढून बापाला पाठवला. लगेच नाशिकहून फोन. "हे पुढचं फाटक. माझं मागच्या गल्लीत," मामा म्हणाले. "जरा मागे जा." तो दोन पावलं गेला, इतक्यात मित्रांची गाडी आली, हॉर्न वाजला. "बाबा, गाडी आलीय. नंतर करतो," म्हणून तो निघून गेला. जाताना एकदा वळून त्यानं गल्लीकडे बघितलं, एवढं मी पाहिलं.

मिनिटाभरात माझा फोन वाजला.

"गेला का?"

"गेला, मामा. मॅच आहे ना."

"हो, हो. उशीर नको व्हायला." मग म्हणाले, "मागच्या गल्लीत निळं दार आहे, तिथं एक सुदानी मास्तर राहतात. मला टायफॉइड झाला होता तेव्हा त्यांच्या बायकोनं रोज सूप पाठवलं. तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला ते घर दाखवायचं होतं."

"उद्या दाखवतो," मी म्हटलं. उद्या त्याचं विमान होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं," मामा म्हणाले. "मग आता तुम्हीच जरा पुढं चाला, जावईबापू. कोपऱ्यावर अफगाणी रोटीवाला आहे का बघा अजून."

मी गाडीला कुलूप लावलं आणि चालायला लागलो.