भेग आरपार आहे

हाडवाल्या मावशी एकोणीस वर्षं एका नाण्याच्या मागावर होत्या. कुठल्याशा विसरलेल्या राजाची तांब्याची नऊ नाणी त्यांच्या ट्रेमध्ये होती. दहावी खाच रिकामी.

हे नाव त्यांना दवाखान्यात पडलं. तिथे त्यांनी तीस वर्षं एक्स-रे काढले. माझं मनगट मोडलं तेव्हा फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या, "ही मोड आजची. खाली एक जुनी आहे. लहानपणी कुठून पडला होतास रे?" आईलाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हापासून आमची मैत्री.

रविवारी आमच्या नाणेसंग्राहक मंडळात एक भंगारवाला ते दहावं नाणं घेऊन आला. कडेचा टवका उडालेला. राजाच्या मानेपर्यंत भेग. अध्यक्षांनी ते काट्यावर ठेवलं.

"वजन कमी. साच्यात ओतलेलं. खोटं आहे."

भंगारवाल्याने खांदे उडवले. "मग उद्या बाकीच्या तांब्याबरोबर भट्टीत."

मंडळाचा नियम साधा होता. अध्यक्षांनी खोटं ठरवलेलं नाणं जो घेईल, त्याला प्रदर्शनात टेबल नाही. प्रदर्शन आठ दिवसांवर होतं. मावशींना पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं.

"थांबा हो भाऊ," मावशी म्हणाल्या. "मला बघू द्या."

"मी बघितलंय," अध्यक्ष म्हणाले. "हाडं वेगळी, नाणी वेगळी."

"मोडतात सारखीच, साहेब."

कोणीतरी फिसकन हसलं. मावशींनी मला पडदा ओढायला लावला, मोबाइलचा टॉर्च नाण्यामागे धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. भेगेतून उजेडाची रेघ आली. कडेशी रुंद, आत केसाएवढी, वाकडीतिकडी.

"ओतीव नाण्यात भेगेचा नुसता ठसा उतरतो. आरपार जात नाही. हे नाणं ठोकून पाडलंय; तेव्हा घाव बसला आणि कड फाटली. आत बघ, वर आहे तोच हिरवा थर. जुनी मोड आहे."

"करवत मारून हिरवा रंग भरतात, बाई!"

"करवत अशी वळणं घेते?" पर्समधल्या नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून त्यांनी थरावर घासला. बोळा पांढराच राहिला. "आणि वजनात उडालेला टवका धरलात का?"

अध्यक्षांचे कान लाल झाले. "घ्या खुशाल. टेबल विसरा."

मी हळूच म्हणालो, "मावशी, नियम आहे. भांडू नका. आठ दिवस जाऊ देत."

"तोवर ते वितळलेलं असेल. टेबल काय, लाकडाचं आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

त्यांनी पैसे दिले. आमच्याकडे प्रत्येक नाण्याला कागदी पाकीट असतं. त्यावर वजन, तारीख, कोणाकडून घेतलं ते लिहायचं. नाणं जिथे जाईल तिथे पाकीट जातं. मावशींनी तेवढं लिहिलं. मग खाली दोन ओळी: 'अध्यक्षांच्या मते खोटं. माझ्या मते खरं.' दुसऱ्या ओळीपुढे ठसठशीत सही केली.

पेन अध्यक्षांपुढे धरलं. "तुमच्या ओळीपुढे तुम्ही करा."

मी पडदा उघडायचाही विसरलो. अध्यक्ष पाकिटाकडे बघत राहिले. पेन त्यांनी घेतलं नाही.

मावशी खुर्ची ओढून समोर बसल्या.

"मला घाई नाही," म्हणाल्या.