दोन कागदांमधलं बदक

पाळणाघराच्या दारापाशी मावशींची एक बुटकी खुर्ची असे. इतकी बुटकी, की तीत बसलं की येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसायच्या आधी त्याचे पाय दिसत. लोकांना वाटे, मुलांच्या उंचीवर राहायला बरं म्हणून असेल. मावशीही "हो ना, उठताना गुडघे शिव्या घालतात, पण पोरांशी डोळ्याला डोळा भिडवता येतो" असं सांगून मोकळ्या होत. खरं कारण वेगळंच होतं. मावशींना माणसं पायांवरून ओळखावी लागत.

त्यांना चेहरे दिसत नसत असं नाही. नाक, डोळे, ओठ, सगळं स्वच्छ दिसे. सुईत दोरा त्या चष्म्याशिवाय ओवत. पण त्या नाकाडोळ्यांचा मिळून 'हा अमका' असा जो मेळ इतरांच्या डोक्यात पापणी लवायच्या आत बसतो, तो त्यांच्या डोक्यात कधी बसलाच नाही. नजर वळली की चेहरा पुसला. शाळेच्या फोटोत त्या स्वतःला सुटलेल्या नाडीवरून शोधत. रस्त्यात कुणी समोरून हसलं तर ओळखीचं की वेडं, हे कळायच्या आत माणूस पुढे निघून जाई. लहानपणी त्यांना लोक वेंधळी म्हणत, मोठेपणी शिष्ट म्हणू लागले. फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. गर्दीत जवळ येताना तो दोनदा घसा खाकरायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली. घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर त्यांनी त्यानंतर सुरू केलं.

चौदा मुलं. चौदा खुंट्या, खुंट्यांवर चौदा पिशव्या. मदतीची बाई पाचला जाई आणि न्यायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होई तेव्हा मावशी एकट्या त्या खुर्चीवर. पँटच्या दुमडीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, म्हणजे शिंपीदादा. डावा पाय जरा जास्तच जोरात टेकतो, म्हणजे ढमीचा बाप, बसड्रायव्हर. पांढरे बूट, उजव्याच्या टाचेवर औषधाचा जांभळा डाग, म्हणजे चिमणीची आई, नर्स. सहा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

मग एका गुरुवारी ते पांढरे बूट आले. जांभळा डाग जागच्या जागी. "चला, चिमणाबाई," आवाजही तोच, जरासा बसलेला. चिमणी धावत जाऊन बिलगली. मावशींनी पिशवी दिली, पाण्याची बाटली दिली, "दुपारी झोपली नाहीये हं आज," एवढं सांगितलंही.

पाऊण तासाने दारात तपकिरी चपला उभ्या राहिल्या. मावशींनी मान वर करून अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

ती बाई हसली. "थट्टा पुरे झाली, मावशी. पाठवा आमच्या बयेला."

मावशींनी चिमणीच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं.

झालं होतं ते एवढंच. नर्सबाईंची बहीण आदल्या दिवशी परगावाहून आली होती. 'मी आणते चिमणीला' असा निरोप तिने मोबाइलवर लिहिला, पण तो गेलाच नव्हता. आणि स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून बहिणीने त्या दिवशी चपला घालून जाताना दारात ठेवलेले बूट पायांत अडकवून ती आली होती. चिमणी घरी पाव-जॅम खात बसली होती, गालभर जॅम. काही बिघडलं नव्हतं. पण तो पाव-जॅम दिसेपर्यंत दोन बायकांनी जी वीस मिनिटं काढली, ती त्यांची त्यांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई लवकर आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या.

"मावशी, माझी बहीण गोलमटोल, मी ही अशी काडी. आमच्या तोंडावळ्यात साम्य शोधायचं तर भिंग लागेल. आणि तुम्ही मला रोज बघता!"

मावशींनी खुर्चीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. आयुष्यात दुसऱ्यांदा कुणाला सांगत होत्या.

नर्सबाई बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "हे मी कुणापाशी बोलणार नाही. पण महिनाअखेरपर्यंत काहीतरी पक्की सोय करा. नाहीतर चिमणीला मी दुसरीकडे ठेवीन. तुमच्यावर राग नाही हो माझा. पण कामावर असताना माझं चित्त तिथे नको का राहायला?"

झाल्या गोष्टीची कुणकुण लागायची ती लागलीच. आठवड्यात दोन खुंट्या रिकाम्या झाल्या. नर्सबाईंनीही मुलगी काढली, तर उरलेले लोक 'तिनेच काढली म्हणजे काहीतरी असणार' म्हणतील आणि पाळणाघराला कुलूप लागेल, हे कळायला मावशींना कुणी सांगावं लागत नव्हतं. ह्या दोन खोल्यांतला गलबला गेला, की मग दिवसभर उरणार काय, तर नळाचं ठिबकणं.

उपाय सगळ्यांनी सुचवले. मोबाइलवर आकडा पाठवायचा म्हणाले. तर एक आजोबा मोबाइल 'झिजू नये म्हणून' बंद ठेवणारे निघाले. मग प्रत्येकाला गुप्त शब्द दिला. पहिल्याच संध्याकाळी ढमी खोलीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "माझ्या बाबांचा गुप्त शब्द पोपट आहे! आणि चिमणीच्या आईचा खिडकी!" शेवटी शिंपीदादा म्हणाले, "सरळ फोटो लावा ना कार्डावर. फोटो बघायचा, माणूस बघायचा, पोर द्यायचं. आहे काय त्यात!" सगळ्यांनी माना हलवल्या. मावशींनीही हलवली. त्यांच्या लेखी बारा फोटो म्हणजे बारा बशा.

रविवारी भाची आली. सगळं गाव मावशी म्हणत असलं, तरी खऱ्या नात्याने मावशी म्हणणारी ही एकटीच. कॉलेजात गणित शिकवायची. सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि सोमवारी दोन पारदर्शक प्लास्टिकचे कागद घेऊन परत हजर. दोन्हींवर नुसते काळे ठिपके. खसखस सांडावी तसे.

"काय दिसतंय?"

"झेरॉक्सवाल्याने फसवलंय तुला. मशीन बिघडलंय त्याचं."

भाचीने एक कागद खिडकीच्या काचेवर धरला. त्यावर दुसरा ठेवून कोपऱ्याला कोपरा जुळवला. आणि खसखशीतून एक बदक उठून उभं राहिलं. चोच, पंख, शेपूट, सगळं.

मावशींनी वरचा कागद काढला. बदक गेलं. परत ठेवला. आलं.

"कुठल्या कागदावर आहे गं हे?"

"कुठल्याच नाही. चित्राच्या प्रत्येक कणासाठी कॉम्प्युटर जणू नाणं उडवतो आणि त्यावरून पहिल्या कागदावर ठिपके मांडतो. दुसरा कागद त्याला जोडीचा. जिथे चित्र उजळ हवं तिथे ठिपक्यांवर ठिपके बसतात, फटीतून उजेड येतो. जिथे काळं हवं तिथे ह्याचे ठिपके त्याच्या फटी बुजवतात. एकटा कागद घेऊन जगातला सगळ्यात हुशार माणूस जन्मभर बसला, तरी त्याला बदक सापडायचं नाही. कारण ते त्यात नाहीच."

"मग आहे कुठे?"

"दोघांच्या मध्ये. एक कागद तुझ्याकडे, एक चिमणीच्या आईकडे. जुळले तर पोर द्यायची. मोबाइल नको, गुप्त शब्द नको. आणि..." भाचीने दोन्ही कागद पुन्हा जुळवले. "चेहरा नको."

मावशी उठल्या. कप विसळायला आत गेल्या आणि दोन कपांना बराच वेळ लागला.

कागद एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून भाचीने एका लाकडी चौकटीत काच बसवून आणली, वर दोन खिळे ठोकले आणि कागदांना त्या मापाने भोकं पाडली. एवढं छान झालं. पण मग मावशींनी मोडता घातला. "बारा पालकांची बारा कार्डं ठीक आहेत. पण माझ्याकडचेही बारा कागद? संध्याकाळी चार जणं दारात, दोन पोरं रडतायत, आणि मी फायली चाळत बसू? माझ्यासाठी एकच कर. सगळ्यांची कार्डं त्याच्यावरच बसू देत."

"तसं करायचं नसतं, मावशी."

"का नसतं?"

भाचीला पेपर तपासायचे होते, बस गाठायची होती. तिने एकच केला.

पंधरा दिवस मजेत गेले. कार्ड खिळ्यांत अडकवलं की कुणाची छत्री उगवे, कुणाचं कासव, कुणाची किटली. मुलं चौकटीभोवती गोळा होत. शिंपीदादांच्या मुलाला स्वतःची किटली इतकी आवडली की बाप आला तरी तो घरी जायला तयार होईना.

आणि एका संध्याकाळी ढमीचा बाप आणि चिमणीची आई बुटांच्या नाड्या बांधण्यात गुंतलेले असताना, ढमी आणि चिमणी ह्या दोन कार्ट्यांनी त्यांची कार्डं पळवली आणि मावशींच्या कागदाशिवाय, नुसती एकमेकांवर ठेवून उजेडात धरली.

"मावशी, बदकाने छत्री गिळली!"

खरंच. बदक आणि छत्री एकमेकांत गुंतून, पण ओळखू येतील अशी, त्या दोन कार्डांत उभी होती. मावशींनी दोन्ही कार्डं काढून घेतली. त्यांचा कागद मध्ये नसताना हे दिसता कामा नये, एवढं कळायला गणित लागत नव्हतं.

भाचीने कपाळावर हात मारला. "माझीच चूक. तू म्हणालीस आणि मी ऐकलं. एकाच कागदावरून सगळी कार्डं बनवली म्हणून ती आपापसांतही सख्खी झाली. कुणी डोकं लढवलं, तर स्वतःच्या कार्डावरून दुसऱ्याचं बनवेल."

"म्हणजे बारा कागद."

"बारा कागद. ज्याचा त्याचा."

बुधवारी बारा नव्या जोड्या आल्या. भाचीने एकेक तपासून पाकिटात घातली, वर मुलांची नावं लिहिली आणि मावशींचे बारा कागद कप्प्याकप्प्यांच्या फायलीत लावून दिले. मावशी दूध गरम करायला गेल्या, तेवढ्या वेळात त्या दोन कार्ट्यांनी आपापली पाकिटं उघडून परत तोच प्रयोग केला. ह्या वेळी नुसती खसखस. "हॅ!" ढमी म्हणाली, "आता काहीच गंमत नाही." आणि कार्डं पाकिटांत परत गेली. कुठलं कुठल्यात, हे त्यांनी काही बघितलं नाही. मावशींना हे सगळं नंतर कळलं; त्या संध्याकाळी त्यांनी जुनी कार्डं परत घेऊन पाकिटं वाटून टाकली.

गुरुवारी महिना संपत होता. साडेपाचला पांढरे बूट आले. जांभळा डाग. पाठोपाठ दोन ड्यूट्या झालेल्या, हे पाय ओढत टाकलेल्या पावलांवरून कळत होतं. "हुश्श," नर्सबाई म्हणाल्या आणि कार्ड पुढे केलं.

मावशींनी फायलीतून चिमणीचा कागद काढला, खिळ्यांत अडकवला, त्यावर कार्ड ठेवलं.

खसखस.

कार्ड उलटं आहे का पाहिलं. काढलं, पुसलं, परत ठेवलं. खसखसच.

"आई!" चिमणी धावत येऊन बिलगली. मागे उभे असलेले शिंपीदादा हसले. "अहो मावशी, चिमणीची आईच आहे ती! मी सांगतो ना!"

मावशींना ते ठाऊक होतं. आवाज तोच, पाऊल तेच, बूट तेच, पोर बिलगलेली. त्यांची अगदी पुरेपूर खात्री होती. आणि त्या गुरुवारीही नेमकी एवढीच खात्री होती.

"पोरगी तुमचीच असेल," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला, "पण हे कार्ड तिचं नाही. मी देऊ शकत नाही."

"मावशी, अठरा तास झाले मी उभी आहे."

"तुम्ही बसा. मी चहा टाकते. पण चिमणी आत राहील."

नर्सबाईंचा श्वास जोरात आत गेलेला ऐकू आला. शिंपीदादांनी "कमाल आहे!" म्हटलं, आपली किटली जुळवली आणि पोराला उचलून निघाले. नर्सबाई बाकावर बसल्या. चहा घेतला नाही. चिमणी आतल्या उंबऱ्यावर भोकाड पसरून बसली. मावशींनी फायलीतला कागद तिसऱ्यांदा तपासला. आज महिनाअखेर. जिच्या हातात पाळणाघर राहणं-न राहणं होतं, तिलाच त्यांनी दारात अडवून ठेवलं होतं. तरी चिमणीचा कागद त्यांनी चौकटीवरून काढला नाही.

वीस मिनिटांनी डावं पाऊल जोरात टेकलं. ढमीचा बाप. कार्ड ठेवलं. ढमीच्या कागदावर पुन्हा खसखस.

"आता हे काय नवीन?" तो म्हणाला.

मावशींनी त्याचं कार्ड हातात घेतलं. मग सावकाश वळून ढमीकडे पाहिलं. ढमी अचानक फार मन लावून स्वतःच्या मोज्यांकडे बघायला लागली होती.

"ढमाबाई, काल पाकिटं कुणी उघडली?"

ढमीने मोजा आणखी वर ओढला. मावशींनी चिमणीचा कागद खिळ्यांत अडकवला आणि त्यावर ड्रायव्हरचं कार्ड ठेवलं. बदक. ढमीच्या कागदावर नर्सबाईंचं. छत्री.

"म्हणजे मघापासून मी ह्यांची ढमी न्यायला बसले होते होय!" नर्सबाई म्हणाल्या.

"न्या की," ड्रायव्हर म्हणाला. "दोन दिवस ठेवा. घरी जरा शांतता लाभेल."

आधी नर्सबाई हसल्या की मावशी, सांगता येणार नाही. कार्डांची अदलाबदल झाली. मावशींनी दोन्ही पुन्हा एकदा, रीतसर, चौकटीवर जुळवून पाहिली आणि मगच उंबऱ्यावरच्या चिमणीला बाहेर सोडलं. ड्रायव्हर ढमीचा कान धरून निघाला. नर्सबाई थांबल्या. गार झालेला चहा उचलून एका घोटात संपवला.

"मावशी, तुम्हाला वाटलं होतं ना, मीच आहे म्हणून?"

"शंभर टक्के."

"तरी नाही दिलीत."

"नाही दिली."

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. "पुढच्या महिन्याचा फॉर्म द्या. आणि ज्यांनी मुलं काढली ना, त्यांना मी सांगते आजचा किस्सा. तुमची ती गोष्ट नाही सांगणार. नुसतं एवढंच, की मला अडवलं म्हणून."

"ती गोष्टही सांगितलीत तरी चालेल," मावशी म्हणाल्या. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेलं वाक्य एवढं हलकं निघेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सोमवारी एक खुंटी भरली. मावशींनी बुटकी खुर्ची मुलांना खेळायला देऊन टाकली आणि दारापाशी चांगली उंच, पाठीची खुर्ची आणली. गुडघ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. संध्याकाळी दारात सावली पडली.

"मी आले, मावशी."

"मी म्हणजे कोण?" मावशींनी विचारलं आणि हात पुढे केला. "बदक काढा आधी."